भेंडीबाजारची फेरी

आपल्या गिरगावातून सी. पी. टँक, गोल देऊळ असे चालत गेले तर भेंडीबाजार वीसएक मिनिटांच्या वाटेवर आहे. तरी लग्न होऊन इकडे आल्यापासून पंचवीस वर्षांत मी तिकडे कधी गेले नव्हते. सन २००२ मध्ये जे. जे. पूल झाला, तेव्हापासून तर खालच्या महंमदअली रस्त्यावरच्या मशिदी नि दुकाने आपल्या टॅक्सीच्या चाकांखालीच राहतात. गेल्या पौषात मंडळाच्या आम्ही पाच जणी निघालो, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न झाला, "तिकडे कशाला?" त्याचे उत्तर म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. सन १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, बांधून झाले. त्या बाजाराच्या मागचा भाग म्हणून साहेब 'बिहाइंड द बाजार' म्हणत व त्याचे 'भेंडीबाजार' झाले, अशी एक गंमत सांगतात. मला ती पटत नाही. जुन्या पुस्तकांत भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडल्याचे दिले आहे. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे हं! कोकणात कुंपणाला लावतात, पिवळी फुले येतात, ज्याच्या पानांच्या मुले पिपाण्या करतात, ते झाड. नळबाजाराजवळ एका वृद्ध दुकानदाराला विचारले, तर तो हसून म्हणाला, "बाय, आम्ही बाणकोटचे. भेंडी आम्हांला कोण शिकवणार?" त्याची मराठी माझ्या सासूबाईंच्या मराठीसारखीच होती.

आता ज्यासाठी मी मुख्यतः गेले होते, ते सांगते. ह्या बाजाराच्या नावाचे गाण्याचे घराणे आहे. मुरादाबादेकडचे छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ सन १८७० च्या सुमारास मुंबईस येऊन येथे राहिले. एका दमात लांबलचक गाण्याबद्दल त्यांची ख्याती होती. नझीर खाँसाहेबांकडे अंजनीबाई मालपेकर लहान वयातच शिकू लागल्या. सन १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सर्वोच्च मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढे कुमार गंधर्व व किशोरीताई आमोणकर ह्यांनाही त्यांनी शिकविले. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ ह्यांच्याजवळ लतादीदी सुरुवातीच्या काळात शिकल्या. म्हणजे आपण पहाटे रेडिओवर जे ऐकत मोठ्या झालो, त्याचे एक मूळ ह्या गल्ल्यांत आहे. आम्ही पुष्कळ हिंडलो, परंतु खाँसाहेबांच्या नावाची पाटी काही आमच्या दृष्टीस पडली नाही.

मटन स्ट्रीटला लोक चोरबाजार म्हणतात. मुळात गोंगाटामुळे 'शोर बाजार' होता, असेही सांगतात. तेथे झुंबरे, घड्याळे, कर्णा लावलेले ग्रामोफोन ह्यांची नुसती दाटी! पण आम्ही थबकलो ते भांड्यांपाशी. घंगाळे, पितळी डबे, पुरणयंत्रे, आणि त्यांवर मराठीत कोरलेली नावे! एका तांब्यावर "चि. सौ. कां. हिस मामांकडून, १९५२" असे होते; मुलीचे नाव घासून घासून पुसले होते. आपल्या चाळी पडल्या, बिऱ्हाडे बोरिवली-डोंबिवलीस गेली; तेव्हा जे टेम्पोत मावले नाही, ते येथे आले. आमच्यातली एक तर तो तांब्या हातातून खाली ठेवीना. मी तीन जाळ्यांचे पुरणयंत्र घेतले. पंधराशे सांगितले होते, नऊशेला दिले.

आणि आता त्यांच्याही चाळी पडत आहेत. दि. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. सन २००९ मध्ये बोहरी समाजाने सैफी बुऱ्हाणी ट्रस्ट स्थापून सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नवे मनोरे बांधण्याचे काम हाती घेतले. काही उभेही राहिले आहेत. त्यांच्यामध्ये रौदत ताहेराचा पांढराशुभ्र घुमट दिसतो. सन १९७५ मध्ये खुल्या झालेल्या ह्या समाधीच्या आतल्या भिंतींवर सबंध कुराण कोरलेले आहे. आम्ही बाहेरूनच पाहिले.

पक्क्या घरात राहायला मिळावे हे कोणाला नको? गळक्या छपराखाली आपणही पावसाळे काढले आहेत. पण गल्ल्या जाऊन मनोरे आले, की जुनी भांडी मांडून बसणारा तो माणूस कोठे बसेल, हे मी बाणकोटच्या चाचांना विचारले. ते म्हणाले, "मुलगा दुबईला आहे. मी आहे तोवर दुकान आहे."

ज्यांना जायचे असेल त्यांनी शुक्रवार सोडून जावे, त्या दिवशी मटन स्ट्रीटची दुकाने बंद असतात. सकाळी अकराच्या सुमारास गेलेले बरे, आणि पिशवी मोठी न्यावी.