कौलेयक आणि मृगदंशक : मृगयाश्वान व लावक-तित्तिर यांचें गृहपालन

१. राजांच्या मोहिमा, तह, सनदा व वंशावळी यांवर आपल्या संशोधकांनीं पुष्कळ परिश्रम केले आहेत. परंतु त्याच राजांच्या व सामान्य गृहस्थांच्या घरीं वाढलेल्या मुक्या प्राण्यांचा इतिहास बहुतांशीं उपेक्षितच राहिला आहे. शिकारीचा उल्लेख आला कीं तो राजविलास समजून आपण पुढें जातों. वास्तविक शिकार ही घटकाभराची. शिकारी कुत्रा व पिंजऱ्यांतील पक्षी यांचें पालन मात्र बारमाही. तें कोणीं केलें, आणि त्याची विद्या कोणत्या ग्रंथांत व कोणत्या माणसांत राहिली, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. आरंभ कोशापासून करूं. अमरसिंहानें श्वानाचीं नांवें शूद्रवर्गांत, व्याध, मृगयु, लुब्धक या नांवांच्या लगेच पुढें दिलीं आहेत. त्यांत 'कौलेयक' व 'मृगदंशक' हीं दोन नांवें एकाच प्राण्याचीं म्हणून येतात. 'मृगदंशक' याचा अर्थ उघड आहे. 'कौलेयक' या शब्दासाठीं पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत सूत्र केलें आहे. 'कुल' शब्दापासून हें रूप श्वान या अर्थींच सिद्ध होतें, अर्थ दुसरा असल्यास रूप निराळें. म्हणजे कुळांतला, घरचा, तो कौलेयक. याशिवाय मृगयेंत कुशल अशा श्वानास 'विश्वकद्रु' हें वेगळें नांव अमरानें नोंदलें आहे. ज्या समाजानें श्वानाचा स्पर्श अशुचि मानला, त्याच समाजाच्या भाषेनें त्याला घराण्याचें नांव दिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

३. पक्ष्यांविषयीं वात्स्यायनाची साक्ष फार मोलाची आहे. नागरकाच्या निवासाबाहेर क्रीडापक्ष्यांचे पिंजरे टांगलेले असतात; भोजनानंतर लावक, कुक्कुट व मेष यांच्या झुंजी तो पाहतो; आणि चौसष्ट कलांतहि या झुंजींचा विधि गणला आहे. इतकें बहुतेकांच्या वाचनांत असतें. परंतु भार्येचीं कर्तव्यें सांगणाऱ्या प्रकरणांत मेष, कुक्कुट, लावक, शुक, सारिका, मयूर, वानर, मृग यांच्यावर देखरेख ठेवण्याचें काम गृहिणीकडे दिलें आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. झुंजीची कीर्ति पुरुषाची. दाणापाणी मात्र स्त्रीकडे. एका लहानशा वाक्यांतून त्या काळच्या घराचें मागील दार आपणांस उघडें दिसतें.

४. धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांचा मृगयेविषयीं एकमताचा सूर नाहीं. मनूनें कामज व्यसनांत मृगयेला पहिलें स्थान दिलें, आणि मद्य, द्यूत व स्त्रिया यांच्या जोडीस तिला अत्यंत कष्टप्रद ठरविलें. कौटिल्य मात्र व्यसनांची तुलना करतांना मृगयेची बाजू घेतो. व्यायाम घडतो, मेद झडतो, चल व स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, आणि कोपलेल्या व भ्यालेल्या प्राण्यांच्या चित्ताचें ज्ञान होतें, असें तो म्हणतो. याच ग्रंथांत विवीताध्यक्षाच्या प्रकरणीं लुब्धक व कुत्र्यांचे कळप बाळगणारे 'श्वगणी' यांनीं अरण्यांतून फिरत राहावें अशी आज्ञा आहे. चोर किंवा शत्रु दिसल्यास इशारा देणें हें त्यांचें काम. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ वनांत शिरण्यापूर्वीं श्वगणी व जाळीवाले तेथें पोहोंचलेले असतात. राजा नंतर येतो. वन ठाऊक असलेला मनुष्य आधीं गेलेला असतो.

५. आपल्या प्रांताच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा भूलोकमल्ल सोमेश्वर (तिसरा) याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' होय. तो शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना असून, श्री. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले त्याचे तीन भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं प्रसिद्ध झाले. चौथ्या विंशतींत वीस विनोद आहेत. त्यांत तित्तिराला स्वतंत्र अध्याय नाहीं. पण लावकाला आहे, कुक्कुटाला आहे, पारावताला आहे. पुढें सारमेयविनोद व श्येनविनोद येतात, त्यानंतर मत्स्यविनोद, आणि मग मृगयाविनोद. या क्रमांत मला अर्थ दिसतो. श्वान हें केवळ मृगयेचें उपकरण असतें, तर त्याचा समावेश मृगयाविनोदांतच झाला असता. सोमेश्वरानें त्याला स्वतंत्र अध्याय दिला, त्या अर्थीं श्वानांची निवड, पोषण व परीक्षा ही निराळी विद्या म्हणून त्याच्या दरबारीं मान्य होती, असें अनुमान करण्यास हरकत नसावी.

६. दुसरा ग्रंथ कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा, राजा रुद्रदेव याचा 'श्यैनिकशास्त्र'. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं तो इ. स. १९१० त कलकत्त्यास इंग्रजी भाषांतरासह छापविला. सात परिच्छेदांच्या या ग्रंथांत अठरा व्यसनांची चर्चा करून मृगयेचें समर्थन केलें आहे, आणि पुढें श्येनांच्या जाति, त्यांचें शिक्षण, आहार व रोगचिकित्सा सांगितली आहे. ग्रंथ मृगयेचा खरा. पण त्यांतील मोठा भाग दुखणाइताच्या उशाशीं बसलेल्या मनुष्याचा वाटतो. पक्षी केव्हां उपाशी ठेवावा, केव्हां भरवावा, हाक मारून हातावर कसा आणावा, हें ज्यानें लिहिलें त्याला पाखरू हातावर बसण्याची वाट पाहण्याचें धैर्य ठाऊक होतें.

७. मराठ्यांच्या इतिहासांत शाहू छत्रपतींचें उदाहरण सर्वांस परिचित आहे. वाघाच्या शिकारींत एका कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान दिला, अशी हकीकत ग्रँट डफनें आपल्या इ. स. १८२६ च्या इतिहासांत दिली आहे. त्या कुत्र्याचें स्मारक संगम माहुली येथें दाखवितात. लोक त्याला 'खंड्या' म्हणतात. येथें पुराव्याची प्रतवारी केली पाहिजे. पाषाणाचें स्मारक ही एक प्रत, छत्रपतींच्या निधनानंतर (१५ डिसेंबर १७४९) पाऊणशें वर्षांनीं लिहिलेली हकीकत ही दुसरी, आणि लोकांच्या तोंडचें नांव ही तिसरी. तिन्ही एकाच तोलाच्या मानूं नयेत. पण तिन्हींचा रोख एकाच दिशेस आहे, हेंहि विसरूं नये. कुत्र्याची समाधि बांधणारें घराणें त्यास घरचा मानीत होतें; पाणिनीच्या शब्दांत, तो कौलेयक होता.

मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानांत ज्या सडपातळ, नजरेनें सावज धरणाऱ्या कुत्र्यांची पैदास जोपासली गेली, त्यांस आपल्याकडे 'कारवानी' म्हणतात. मुधोळ आतां कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. तेथील शेतकरी कुटुंबें अद्यापि हीं पिलें वाढवून विकतात, आणि इ. स. २००५ त भारतीय टपाल खात्यानें या जातीचें तिकीट काढलें.

८. आतां एक स्वतःची चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत 'लावक' व 'तित्तिर' हे शब्द आले, तेव्हां टीकाकारांच्या रीतीनें मीं दोहोंचा अर्थ 'पक्षिविशेष' असा सांगून पुढें चाललों. मागच्या बांकावरील एक पारध्याचा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "गुरुजी, लावा गवतांत दबून बसतो, पाय पडेस्तोंवर हालत नाहीं, अन् पायाखालून भुर्रकन् उठतो. तितर आधीं पळतो, मग उडतो. एकच फास दोघांना चालत नाहीं." पिलें कशीं जगवितात असें मीं विचारतां त्यानें सांगितलें कीं, पहिले दिवस वाळवी भरवावी लागते, दाणा मागाहून, घरीं तें काम त्याची आई करी. चरकानें या दोन्ही पक्ष्यांस 'विष्किर' वर्गांत घातलें आहे. विष्किर म्हणजे उकरून, विखरून खाणारा. चरकाच्या मागें असाच कोणी पाहणारा असला पाहिजे. 'पक्षिविशेष' लिहिणाऱ्या टीकाकारामागें कोणी नव्हता, आणि त्या दिवशीं माझ्याहि मागें नव्हता.

ज्या जमातीनें ही विद्या सांभाळली, तिच्यावर १८७१ च्या व पुढें १९११ च्या कायद्यानें जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ त रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या मनांतून पुसला गेला नाहीं. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील पांखरें धरण्यास बंदी झाली. ती योग्यच आहे. रानें उजाड होत असतां दुसरा उपाय नव्हता. परंतु फास गेला त्याबरोबर फास लावणाऱ्याचें ज्ञानहि जावें, असें कोणत्याहि कायद्यानें सांगितलेलें नाहीं.

९. म्हणून हस्तलिखितें जमविणाऱ्या सज्जनांस एकच विनंती. जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना मोडी खर्चाचे जे फाटके बंद निघतात, त्यांत कुत्र्यांच्या भाकरीचा, पिंजऱ्याच्या तारेचा किंवा पांखरांच्या दाण्याचा खर्च आढळल्यास तो किरकोळ म्हणून टाकून देऊं नये. कौटिल्याचें अर्थशास्त्रसुद्धां एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयांत आणून दिलेल्या पोथीवरून इ. स. १९०९ त प्रकाशांत आलें. आणि ज्यांच्याकडे पोथी नाहीं, पण आठवण आहे, अशा वृद्ध पारध्यांस व त्यांच्या घरच्या स्त्रियांस विचारून त्यांचे शब्द उतरवून घ्यावे. पोथी वाळवीपासून जपतां येते; माणसाच्या आठवणीला तेवढी सवड नसते. अलं विस्तरेण.