गाळाने भरलेले धरण आणि ऊर्जेचा हिशेब

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले हे काम. घाटमाथ्याकडून येणारे पाणी अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पर्जन्यछायेतल्या कोपरगावकडच्या शेतांना पोचवायचे, हा त्याचा हेतू. वरच्या अंगाला १९१६ साली दारणा धरण झाले, पुढे गंगापूर. पण नदी नुसते पाणी आणीत नाही. दर पावसाळ्यात गाळ येत राहिला, जलाशय उथळ झाला, मधेमधे बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही तूटच होती. मात्र याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरू लागले. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलेली ही महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली.

साठवणीच्या दृष्टीने बिघडलेले धरण सजीवांच्या दृष्टीने इतके समृद्ध कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा तळ्याकडे जावे लागेल.

सीडर बॉग लेक हे असेच गाळाने भरत आलेले, जेमतेम मीटरभर खोलीचे म्हातारे तळे. १९३६ पासून रेमंड लिंडमन हा तरुण विद्यार्थी पत्नी एलिनोरसह तेथे पाच वर्षे नमुने गोळा करीत होता. अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा या कल्पना चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये मांडल्या होत्या. ‘परिसंस्था’ ही संज्ञा टान्सली यांनी १९३५ साली वापरली. लिंडमनने पुढचा प्रश्न विचारला: या साखळीतून नेमके वाहते काय? शेवाळ, कीटक, मासे यांची नुसती मोजदाद न करता त्याने सगळ्यांचे रूपांतर एकाच नाण्यात केले, ते म्हणजे कॅलरीत.

आकडे पाहा. वर्षभरात एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ लाख १९ हजार कॅलरी ऊन पडते. त्यातून वनस्पतींच्या हाती लागतात फक्त १११. वनस्पती खाणाऱ्यांपर्यंत सुमारे १५ पोचतात आणि त्यांना खाणाऱ्यांपर्यंत जेमतेम ३. बाकीची ऊर्जा श्वसनात उष्णता म्हणून निघून जाते, किंवा न खाल्लेल्या आणि मेलेल्या पदार्थांच्या रूपाने तळाशी जाते. येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाठ्यपुस्तकांतला ‘दहा टक्क्यांचा नियम’ लिंडमनच्या नावावर सांगितला जातो, पण त्याच्या या तळ्यात वरच्या दोन पायऱ्यांची कार्यक्षमता सुमारे १३ आणि २२ टक्के निघाली होती. दहा हा सोयीचा ढोबळ आकडा आहे. तो नियम म्हणून घोकून घेऊ नये, असे मला वाटते.

लिंडमनच्या आकृतीत मध्यभागी होता तळाचा चिखल. सगळे मृत अवशेष तेथे जातात, जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि क्षार पुन्हा पाण्यात येतात. क्षार असे फिरत राहतात; ऊर्जा मात्र एकाच दिशेने जाते, परत येत नाही. हा निबंध तज्ज्ञ परीक्षकांनी आधी नाकारला. एका तळ्यावरून एवढा सिद्धान्त मांडणे घाईचे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हचिन्सन यांनी आग्रह धरल्यामुळे १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये तो छापला गेला. तोवर लिंडमन हयात नव्हता. जूनमध्येच, अवघ्या २६ वर्षांचा असताना, यकृताच्या विकाराने तो गेला होता.

आता नांदूरला परत येऊ. पाणी उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोचते आणि वनस्पती तळाशी मूळ धरतात. शेतांतून वाहून येणारी खते त्यात भर घालतात. वारकरी या वनस्पतींवर जगतो. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपतो. मुग्धबलाक शिंपल्या-गोगलगायी खातो. कालव्यांना आवर्तन सुटले की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि तुतवारांसारख्या चिखलपक्ष्यांना किडे मिळतात. दलदलीवरून भोवत्या घिरट्या घालू लागला की बदकांचे थवे उठून दुसरीकडे बसतात. म्हणजे शिकार झाली नाही तरी कोण कोठे चरणार हे शिकाऱ्यामुळे ठरते. पण तीच खते जलपर्णीलाही पोसतात. तिचे पान पाण्यावर पसरले की खालचा प्रकाश बंद होतो आणि मनोऱ्याचा पायाच बदलतो.

म्हणून गाळ काढण्याचा प्रश्न सोपा नाही. साठवण वाढली तर कालव्याखालच्या शेतकऱ्याला पाणी मिळेल, ही गरज खरी आहे. पण सरसकट खोली वाढवली तर प्रकाश, वनस्पती आणि चिखलातले जीव ही सारी मांडणीच मोडेल. काढायचाच असेल तर कोठला गाळ काढायचा आणि कोठला ठेवायचा, हे ठरवायला येथलाही लिंडमनसारखा हिशेब मांडावा लागेल.

त्यात आणखी एक गुंता आहे. या जागेच्या रामसर नोंदीत देवळालीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अतिसंकटग्रस्त लहान माशाचाही उल्लेख आहे. होरा आणि मिश्रा यांनी १९३८ साली त्याचे वर्णन केले. त्याचे जातभाई डोंगरी ओढ्यांच्या वेगवान, वाहत्या पाण्यात राहणारे आहेत. थापट्याला मानवणारा साचलेला, गाळाचा उथळपणा या माशाच्या कामाचा नाही.