वीज वितरण नकाशा : स्विचिंगनंतरची दुरुस्ती

उपकेंद्रापासून ग्राहकाच्या मीटरपर्यंतच्या वाहिन्या, रोहित्रे, स्विच, खांब व केबल यांच्या जागा आणि त्यांची परस्परांशी असलेली विद्युत जोडणी दाखवणारी आकृती किंवा संगणकीय नोंद म्हणजे वीज वितरण नकाशा. खांब आणि केबल वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. कोणते रोहित्र कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या वाहिनीवर आहे, हे मात्र एक स्विच फिरवला की बदलते. नकाशा चुकतो तो बहुधा याच ठिकाणी.

शहरातील ११ केव्हीचे जाळे पुष्कळदा वलयाकार बांधलेले असते, पण ते वलय पूर्ण जोडून चालवत नाहीत. दोन फीडर जिथे समोरासमोर येतात, तिथला स्विच एरवी उघडा ठेवतात. त्याला ओपन पॉइंट म्हणतात. मधल्या रोहित्रांपाशी रिंग मेन युनिट म्हणजे आरएमयूच्या पेट्या असतात. सर्वसाधारण पेटीत तीन स्विच असतात : येणाऱ्या केबलचा, जाणाऱ्या केबलचा आणि रोहित्राचा.

समजा, ‘अ’ फीडरवरील दुसऱ्या व तिसऱ्या आरएमयूमधली केबल खोदकामात तुटली. उपकेंद्रात फीडर ट्रिप होतो. कर्मचारी दोष शोधून त्या केबलच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडतात, दुसऱ्या आरएमयूपर्यंतचा पुरवठा ‘अ’वरूनच सुरू करतात, मग ओपन पॉइंटचा स्विच जोडून पुढची रोहित्रे ‘ब’ फीडरवर घेतात. लोकांच्या घरी दिवे लागतात, तक्रारी थांबतात. जमिनीवर नवीन तार आली नाही, खांब हलला नाही. तरीही नकाशा आता खोटा ठरला आहे.

केबल दुरुस्त झाली की जुनी रचना परत यायला हवी. ती येतेच असे नाही. परत वळवताना बहुधा पुन्हा थोडा वेळ वीज बंद करावी लागते, ‘ब’वर भार कमी असतो, दरम्यान दुसरा बिघाड निघतो. मान्सूनपूर्व देखभालीच्या आठवड्यांत आणि पहिल्या वादळी पावसात असे बदल एकावर एक साचतात. रात्रपाळीच्या यंत्रचालकाने लॉगबुकात नोंद केलेली असते, पण ती ओळ नकाशा सांभाळणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

याचा खरा धोका लाईनवरच्या माणसाला आहे. महिन्याभराने कोणी चौथ्या रोहित्राच्या उच्चदाब बाजूवर काम करण्यासाठी नकाशा पाहून ‘अ’ फीडरचे परमिट, म्हणजे वाहिनी बंद ठेवून काम करण्याची लेखी परवानगी घेतली, तर उपकेंद्रात ‘अ’ बंद होईल आणि रोहित्रावर ‘ब’ची वीज खेळत राहील. म्हणूनच परमिट हाती असले तरी जागेवर व्होल्टेज डिटेक्टरने तपासणे आणि डिस्चार्ज रॉडने कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे टाळता येत नाही. पण ही शेवटची ढाल आहे. तिच्या भरवशावर चुकीचा नकाशा चालवून घेणे हा कर्मचाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरा परिणाम हिशेबात दिसतो. फीडरच्या मीटरवर मोजलेली वीज आणि त्या फीडरवरील ग्राहकांना विकलेली वीज यांच्या फरकावरून हानी काढतात. वळवलेली रोहित्रे नकाशात ‘अ’वरच राहिली, तर ‘अ’ची हानी ऋण येऊ शकते आणि ‘ब’ची अचानक फुगते. ऋण हानी भौतिकदृष्ट्या अशक्य असल्याने ती दिसताच आधी जोडणीची नोंद तपासावी. नाहीतर ‘ब’ फीडरवरच्या भागात नसलेली वीजचोरी शोधत पथके फिरतात.

भारतात या नोंदींना मोठी चालना मिळाली ती २००८ च्या पुनर्रचित आर-एपीडीआरपी कार्यक्रमातून. सर्वसाधारण राज्यांत ३०,००० हून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी जीआयएस नकाशे, ग्राहक-रोहित्र-फीडर अशी सांगड आणि मोठ्या शहरांसाठी स्काडा ही दूरनियंत्रण व देखरेख प्रणाली यांचा त्यात समावेश होता. पुढे २०१४ ची आयपीडीएस आणि २०२१ ची आरडीएसएस या योजना आल्या. स्काडा उपकेंद्रातील ब्रेकरची आणि दूरनियंत्रित आरएमयूची स्थिती लगेच दाखवतो. खांबावर हाताने ओढलेला एबी स्विच किंवा कट पॉइंटवर सोडलेला जंपर त्याला दिसत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तर जाळ्याचा मोठा भाग अशाच साधनांवर चालतो. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करताना रोहित्रांचे गटच्या गट इकडून तिकडे जातात, तेव्हा ही उणीव विशेष जाणवते.

चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक स्विचच्या दोन स्थिती स्वतंत्र ठेवतात : नेहमीची आणि आत्ताची. आयईसी ६१९७० या आंतरराष्ट्रीय मानकातील सामायिक माहिती प्रारूपातही स्विच एरवी उघडा असतो का आणि सध्या उघडा आहे का, यांसाठी वेगळे रकाने आहेत. तात्पुरत्या बदलाने फक्त दुसरी स्थिती बदलावी. रचना कायम ठेवायचे ठरले तर अभियंत्याच्या मंजुरीने पहिली बदलावी, तारखेसह. केवळ एकच स्थिती ठेवणाऱ्या नकाशात तात्पुरता बदल एकतर येतच नाही किंवा आला की कायमचा होऊन बसतो.

पडताळणीसाठी आता स्मार्ट मीटरही उपयोगी पडतात. फीडर ट्रिप झाल्यावर कोणत्या मीटरांनी वीज गेल्याचा संदेश दिला, हे नकाशाशी ताडून पाहिले की चुकीची जोडणी उघडी पडते. एकाच रोहित्रावरच्या मीटरांचे व्होल्टेज सोबतीने वरखाली होते, त्यावरूनही परक्या रोहित्रावर नोंदलेला ग्राहक सापडतो. तरी हा मागाहूनचा शोध आहे. स्विच फिरवणाऱ्याने त्याच वेळी क्रमांक, वेळ व नवी स्थिती नियंत्रण कक्षाला कळवावी आणि नकाशात ती चढल्याची खात्री झाल्याशिवाय परमिट बंद करू नये. वितरण कंपन्यांनी हा नियम कागदावर न ठेवता प्रत्येक सेक्शन ऑफिसात पाळायला लावला पाहिजे.