बंदुकीची ओढ (ग्रामीण पुणे जिल्हा)

अंथुर्णे (ता. इंदापूर) हे नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यातील गाव. अशा बागायती भागात घरे मळ्यामळ्यांत विखुरलेली असतात, पिकाला रात्री पाणी द्यावे लागते आणि मदत लांब असते. बंदूक हवीशी वाटण्याचे एक खरे कारण हेच. शस्त्र अधिनियम, 1959 मधील कलम 13 ने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करून ही गरज मान्य केली आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची ओढ मात्र निराळी. त्यांनी रानडुक्कर हटत नाही. मुख्यतः मान आणि दरारा मिळतो. या मानाचे मूळ बरेचसे 1878 च्या कायद्यात आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातील त्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली, तेव्हा परवाना ही सरकारी मर्जीची खूण ठरली. आजही परवाना जिल्हाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. याच दुरुस्तीनुसार लग्नात वा मिरवणुकीत बेपर्वाईने केलेल्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद अत्यंत आवश्यक होती.