जखमेची बाहुली

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात टाचेखाली कारीट फोडले आणि मला एकदम सुश्रुताचार्यांची आठवण झाली. वाचकहो, हसू नका! परिचारिकांना जखमेची निगा शिकविण्यात माझा जन्म गेला, आणि आमच्या विद्येत काकडी, दुधी नि कोहळा यांना फार जुना मान आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे हात बसविण्याचा सराव. शिष्य कितीही शास्त्र शिकलेला असो, सराव नसेल तर तो कामाला अपात्र, असे तेथे बजावले आहे. मग सरावाचे सामान येते. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला जाड कापडाच्या कडा नि मऊ कातडे. आणि पट्ट्या बांधायला 'पुस्तमय पुरुष', म्हणजे घडविलेला माणसाचा पुतळा. जणू बाजारहाटाचीच यादी! यातले काहीच महाग नाही, आणि कशालाच दुखत नाही.

दुखते म्हणजे काय, हे मी 1970 नंतर, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका रुग्णालयात शिकले. माझ्या हाताखाली आलेली पहिली जखम गंगापूरकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याची. अंथरुणाला खिळल्याने माकडहाडापाशी खड्डा पडलेला. वहीतले सारे पाठ होते. पण चिमटा हाती आला आणि हात थरथरू लागला. वाळून चिकटलेली जुनी पट्टी मिठाच्या पाण्याने भिजवायची, तेवढेच विसरले आणि ती ओढली. तिच्याबरोबर नव्याने धरलेले कोवळे लाल मांसही निघाले. बाबांनी उशीत तोंड खुपसले. थोड्या वेळाने म्हणाले, "भिऊ नको माय, कर तुझं."

सरावाची बाहुली त्या दिवशी तेच झाले होते.

पश्चिमेकडेही ही अडचण ओळखली गेली होती. 1911 साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका-विद्यालयासाठी मार्था चेस या बाईंनी माणसाएवढी बाहुली करून दिली. बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या करीत. विद्यार्थिनी त्या बाहुलीला 'मिसेस चेस' म्हणू लागल्या. पुढे 1960 साली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'ॲन' काढली. तेही खेळणी करणारेच, ही मोठी गंमत.

आज जखमांचे सिलिकोनचे सुबक नमुने मिळतात. मात्र एका संस्थेत मी ते पाहिले ते काचेच्या कपाटात, कुलूपबंद. फुटतील म्हणून विद्यार्थिनींना हात लावू देत नसत!

म्हणून मी गादीवाल्याकडून उरलेला स्पंज आणला. तो वाटीसारखा कोरला आणि एका कडेला कातडीखाली बोटभर पोकळी ठेवली, कारण खरी जखम वरून दिसते त्याहून आत पसरलेली असते. कातडीला जुना पायमोजा, सडक्या पिवळ्या थराला मैद्याची खळ नि हळद, मेलेल्या काळ्या भागाला बुटाचे पॉलिश, भरून येणाऱ्या मांसाला व्हॅसलीनमध्ये कालविलेले कुंकू. लांबी, रुंदी मोजायची, काडीने खोली पाहायची, प्रत्येक बोळा एकदाच फिरवून टाकायचा. मेहनत आहे ती शेवटच्या पट्टीत. ती मी खळीने चिकटवून रात्रभर वाळू देते. न भिजविता ओढली, की कुंकवाचा थर तिच्याबरोबर येतो.

स्पंज कण्हत नाही, एवढी मात्र उणीव. म्हणून तो एका मुलीच्या पाठीवर बांधून तिला रुग्ण म्हणून पालथी निजवितो. परवा एक धीट मुलगी चिमटा घेऊन पुढे झाली. पट्टीला हात लागताच निजलेली म्हणाली, "आई गं!" खोटेच, सगळ्या हसल्या. चिमटेवाली तेवढी हसली नाही. तिने पट्टी सोडली, मिठाच्या पाण्याची वाटी ओढली आणि विचारले, "बाबा, भिजवते आधी. थांबू का थोडी?"