शिकविणारीलाही शिकावे लागते

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण इस्पितळातील एक प्रसंग मनात घर करून बसला होता, त्याच्या निमित्ताने थोडा इतिहास वाचला. तोच सांगते.

माझ्या जावेच्या आजारपणात तिला इंजेक्शन द्यायला एक शिकाऊ मुलगी आली. तिचा हात थरथरला. वरच्या सिस्टरांनी सर्वांदेखत तिला असे फटकारले, की पोर रडतच गेली. दुसऱ्या दिवशी निराळ्या बाई होत्या. त्यांनी आधी जावेला विचारले, मग मुलीला "मी इथेच आहे" म्हणून शेजारी उभ्या राहिल्या. इंजेक्शन नीट झाले. मुलगी तीच, रोगी तीच, फरक शिकविणारीचा.

रोग्याच्या खाटेपाशी शिकण्याची संधी बायकांना सुखासुखी मिळालेली नाही. १८७० साली एडिंबरोला एडिथ पीची ही विद्यार्थिनी रसायनशास्त्रात वर आली, तरी केवळ बाई म्हणून तिची शिष्यवृत्ती हुकली. तेथल्या मोठ्या रुग्णालयानेही या मुलींना वॉर्डात शिकू देण्यास विरोध केला. हीच पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आली. १८८६ साली कामा हॉस्पिटल उघडले, त्याची धुरा तिने वाहिली आणि तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. जिला वॉर्डाचे दार बंद झाले, तिनेच ते आपल्या मुलींसाठी उघडले!

पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढले. परिचारिकेचे काम हलके मानण्याच्या त्या काळात त्यांनी बायकांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात ते शिकण्यास पाठविले.

पण शिकविणारीचे काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शाळा लंडनमध्ये १८६० साली निघाली, तेव्हा वॉर्डातील सिस्टरांना नवशिक्या मुली तयार करण्याबद्दल वेगळे पैसे मिळत. म्हणजे शिकविणे हे निराळे काम आहे, हे तेव्हाच ओळखले होते. तरीही "ज्याला काम येते त्याला शिकविता येते" हीच समजूत पुष्कळ काळ टिकली. आपल्याला ठाऊकच आहे, की सुगरण सासू सुनेला पुरणपोळी शिकवू शकेलच असे नाही! मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठीच खास शिक्षणक्रम सुरू झाला. चूक कोठे व कशी दाखवावी, हात कधी धरावा, कधी सोडावा, हीसुद्धा विद्याच आहे.

आज आपल्या पनवेलच्या आसपास इस्पितळे वाढली आहेत, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याच गल्लीतल्या मुली नर्सिंगला जातात. तेव्हा खाटेपाशी शिकाऊ मुलगी आली, तर तिला झिडकारू नका. शेजारी शिकविणारी उभी आहे ना, एवढे मात्र जरूर विचारा. तो आपला हक्क आहे, आणि त्या मुलीचाही.