पोलाद उद्योग : कार्बन उत्सर्जनातील कपात

झोतभट्टीत कोक केवळ जळण नसतो. लोहखनिजातील ऑक्सिजनही तोच काढून घेतो. म्हणून या मार्गाने एक टन पोलाद करताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

पालघर जिल्ह्यात वाडा आणि तारापूर-बोईसर येथे मात्र कोकऐवजी विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद केले जाते. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातील कारखान्यांत निघणारी पत्र्याची कतरण हा अशा भट्ट्यांना चालणारा स्वच्छ कच्चा माल. खरी अडचण तांब्याची आहे. भंगारातील विजेच्या मोटारींच्या गुंडाळीतले तांबे वितळलेल्या पोलादातून वेगळे काढता येत नाही आणि तप्त बिलेट (पोलादाचे ओतीव दांडे) लाटताना पृष्ठभागावर चिरा पडतात. भंगाराची काटेकोर निवड म्हणूनच मोलाची. ओतलेले बिलेट थंड न करता थेट रोलिंग मिलमध्ये नेल्यास पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते. छोट्या कारखान्यालाही परवडेल असा हा उपाय. मात्र भट्टीची वीज कोळशावरची असेल, तर भंगार वापरण्याचा फायदा बराचसा घटतो.

भंगार सर्व मागणीला पुरत नाही, म्हणून खनिजापासूनही लोखंड करावे लागते. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे झोतभट्ट्यांबरोबरच नैसर्गिक वायूने खनिजातील ऑक्सिजन काढून स्पंज आयर्नही बनते. वायूच्या जागी हायड्रोजन वापरल्यास कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते; स्वीडनमध्ये २०२१ साली असे लोखंड तयार झाले. हरित हायड्रोजन अद्याप महाग आहे.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या डिसेंबर २०२४ च्या वर्गीकरणानुसार टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जनाचे पोलाद ‘हरित’, तर १.६ टनांखालचे पंचतारांकित ठरते.